लांब्या घरात राहील का?

शर्यतीतून निवृत्त झालेल्या कुत्र्यांना थंडी फार वाजते, हे शिवणवाल्या मावशींना कोटांचं काम आलं तेव्हा कळलं. ग्रेहाउंड जातच तशी. अंगावर चरबी नाही, केस जेमतेम, आणि कातडी इतकी पातळ की खिळ्याला घासली तरी फाटावी. शहराबाहेर अशा कुत्र्यांचा एक निवारा होता. तिथून कागदावर मापं यायची आणि मावशींकडून अस्तराचे कोट पिशवीत भरून जायचे. कोट घालणारा एकही जण मावशींनी कधी पाहिला नव्हता.

एकदा एक कोट परत आला. छातीला घट्ट, कमरेला झोळ. मग निवाऱ्याचा माणूस कुत्र्यालाच घेऊन आला. या माणसाला सगळे डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, पण त्याच्या खिशात कायम थर्मामीटर असायचा, तेवढं लोकांना पुरलं.

कुत्र्याला दारातून आत यायलाच बराच वेळ लागला. गुळगुळीत फरशी त्याने जन्मात पाहिली नव्हती. पाण्यात उतरावं तसा तो एकेक पाय उचलून, जपून टेकवत आला. मावशींचे यजमान बस चालवून निवृत्त झालेले. बसल्या जागेवरून त्यांनी त्याला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं.

"घोड्यावर इस्त्री फिरवलीय का रे कुणी?" ते म्हणाले. "केवढा हा लांब्या."

आणि लांब्या हेच त्याचं नाव पडलं.

मापं घेताना तो जराही हलला नाही. मावशींनी छातीभोवती टेप फिरवला, मानेखालून हात घातला. हाताखाली त्याचं अंग सैल विणीच्या लोकरीसारखं मऊ लागलं. मापं झाल्यावर तो कापड बेतायच्या टेबलाखाली गेला, चारी पाय घडी घालून ठेवल्यासारखे आवरून घेतले आणि झोपला.

त्या टेबलाखाली त्यांची मुलगी अभ्यास करायची. चिंध्यांच्या ढिगावर पालथी पडून, वर मशीन चालू असताना. आता ती नोकरीसाठी दूर देशात होती आणि टेबलाखाली फक्त एक टोपली आणि फरशी होती. मावशी कोट उसवून पुन्हा शिवत राहिल्या. मधूनच पाय लांब केला की त्यांच्या तळव्याला ऊब लागायची.

डॉक्टर उठायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "बस की जरा. कोट व्हायचाय अजून."

कोट कधीच झाला होता.

त्यानंतर मावशींचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मशीनवर बसण्याआधी त्या खाली वाकून बघायच्या. टेबलाखाली सरकवलेली टोपली त्यांनी कुणाला न सांगता दुसरीकडे ठेवली. कोट नीट बसतो ना, हे विचारायला त्या निवाऱ्यात फोन करू लागल्या आणि कोटाचं एका वाक्यात आटोपून लांब्याकडे वळू लागल्या.

"माझ्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हतीस," यजमान म्हणाले.

"तुमच्या वेळी डॉक्टर बरे होते."

"मग आणू या का त्याला घरी?"

मावशींनी दोऱ्याचं रीळ उगाच उलटं-सुलटं केलं. तीसएक वर्षं संसार केलेल्या माणसाला तेवढं उत्तर पुरतं.

डॉक्टर आला, चहा घेतला आणि म्हणाला, "मावशी, आधी वाईट तेवढं सांगतो. दिवसाचा बहुतेक वेळ झोपेल. बाहेर पट्टा कधीच सोडायचा नाही. पळायला लागला की हाक ऐकू येत नाही त्याला. जिना ठाऊक नाही, काचेचं दार कळत नाही, आपटेल. आणि राखणीला शून्य. चोर आला तर सरकून जागा देईल."

"म्हणजे माझ्यासारखाच," यजमान म्हणाले. "घेऊन टाक गं."

"आणि ठिपकी?" मावशींनी विचारलं.

ठिपकी म्हणजे मांजर. घरात दोन मावश्या आहेत, त्यातली खरी हुकूम चालवणारी ती, असं यजमान सांगायचे. मुलीने शाळेत असताना स्वेटरमध्ये लपवून आणलेलं पिल्लू ते. आता म्हातारं झालेलं, कानाने ठार बहिरं. मुलगी फोनवर आधी ठिपकीची खुशाली विचारायची, मग आईबापांची. लांब्याबद्दल सांगितलं तेव्हा ठिपकी हल्ली कुठे झोपते, हे तिने आधी विचारलं होतं. मग म्हणाली होती, "तुझं घर आहे आई, तूच ठरव." ती नको म्हणाली असती तर मावशींना भांडता तरी आलं असतं.

डॉक्टरने कप खाली ठेवला. "ही कुत्री वासावर नाही, डोळ्यांवर शिकार करतात. समोरून काही पळालं की सुटलीच. पण सगळी सारखी नसतात. काहींच्या पोटाशी मांजरं झोपलेली मी पाहिलीत. ते जातीवरून सांगता येत नाही, समोरासमोर आणूनच बघावं लागतं."

म्हणून एका सकाळी लांब्या तोंडाला मुसकं बांधून पुन्हा आला. डॉक्टर त्याच्या मागे पट्टा आवळून उभा राहिला. मावशी बाजूला गुडघ्यावर बसल्या, एक हात लांब्याच्या खांद्यावर. यजमानांनी आतलं दार उघडलं.

ठिपकी आली. कुणाकडे न बघता खोली ओलांडून खिडकीशी उन्हात बसली आणि पाय चाटू लागली.

लांब्या भुंकला नाही. त्याने पट्ट्याला हिसका दिला नाही, कुईकुई केलं नाही. नुसता उभा राहिला.

"बघ," यजमान हळूच म्हणाले. "साधू आहे साधू."

"छान," मागून डॉक्टर म्हणाला. त्याला तिथून लांब्याची फक्त पाठ आणि शेपूट दिसत होती. "फारच छान. मावशी, काय वाटतं?"

मावशींच्या हाताखाली तो खांदा बॉबिनवर ताणून भरलेल्या दोऱ्यासारखा झाला होता. आत खोल कुठेतरी बारीक थरथर होती, शेजारच्या खोलीत मशीन चालू असावी तशी. वरून काहीच दिसत नव्हतं. आता फक्त हात काढून घ्यायचा होता आणि हो म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत तो टेबलाखाली असता.

ठिपकीने पाय चाटून झाल्यावर कान साफ करायला घेतला.

"डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "हा शांत नाहीये."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं. मग पट्टा तसाच आवळून तो पुढे आला आणि लांब्याच्या डोळ्यांसमोर आपला तळहात आडवा धरला. लांब्याने मान वाकवून तळहाताच्या बाजूने ठिपकीकडे पाहिलं. हात हलला तशी मान हलली. त्याच्यासाठी खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

"चुकलंच माझं," डॉक्टर म्हणाला. "शर्यत सुटायच्या पेटीत असेच उभे असतात ते. झडप उघडायच्या आधी."

यजमानांनी ठिपकीला उचलून आत नेलं आणि परत येऊन म्हणाले, "दारं लावत जाऊ. एक आत, एक बाहेर. जन्मभर बसची दारं उघडली आणि लावली, आता घरची लावेन."

"एक दिवस विसराल. नाहीतर मी विसरेन. आणि तिला ऐकूही यायचं नाही."

यजमान आतल्या दाराची कडी पुन्हा तपासून आले.

"मावशी, दुसरा बघतो मी," डॉक्टर म्हणाला. "मांजर चालणारी एक मादी आहे. गुणी आहे."

"बघ, पण आत्ता नको." त्यांचा हात अजून लांब्याच्या खांद्यावरच होता. "याचं काय होणार?"

"एक बाई विचारत होत्या. एकट्या असतात, मांजर नाही. तिथे रमेल."

"त्यांना फरशीवर काहीतरी अंथरायला सांग. घसरतो तो."

दाराशी गाडी उभी होती. मागचं दार उघडल्यावर लांब्या तिच्यासमोर थांबला. चढायचं कसं ते त्याला अजून जमत नव्हतं. डॉक्टरने आधी आत शिरून त्याचे पुढचे दोन पाय गाडीत ओढून घेतले आणि मागून हात लावायला मावशींना खुणावलं. त्यांनी दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले. तो पुन्हा सैल झाला होता. ओळखीच्या माणसावर टाकावा तसा सगळा भार त्याने त्यांच्या हातांवर टाकला, आणि मावशींनी त्याला उचललं.

"आला, मावशी. सोडा आता," डॉक्टर आतून म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या, आणि आणखी थोडा वेळ त्याला तसंच धरून उभ्या राहिल्या.