केसाएवढी तार

प्रयोगशाळेतल्या मोठ्या मायक्रोस्कोपचा दिवा आठवडाभर डोळे मिचकावत होता. कारागिरांनी येऊन तीनदा बल्ब बदलला, पण रडगाणं तेच. शेवटी प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी फोकसचं चाक हळूच फिरवलं, दिवा विझला. उलटं फिरवलं, लागला.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" ते हसले. "डॉक्टरबाई, बल्ब ठणठणीत आहे. चाक फिरवलं की जिथं वाकते तिथं तार आतून तुटलीय. वरचं आवरण शाबूत, म्हणून कुणाला दिसली नाही."

सोबत त्यांची सून होती. नजर अधू झालीय, असं सांगून चार महिने ते तिला कामावर नेत होते. खरं कारण तिला ठाऊक होतं. हल्ली ते चहा अर्धाच कप मागत. पण त्यांनी झाकलेलं तिनं कधी उघडं पाडलं नव्हतं.

मागचं झाकण निघालं. आत केसाएवढ्या पाच तारा दाटीवाटीनं बसलेल्या. म्हाताऱ्यांनी सोल्डरिंगचं हत्यार उचललं मात्र, टोक थरथरायला लागलं. शेजारच्या तारेला चटका बसता बसता राहिला.

"चष्म्यावर वाफ धरतेय," ते पुटपुटले.

डॉक्टरबाई आतल्या खोलीत गेल्या, तशी सून हळूच म्हणाली, "बाबा, काच स्वच्छ आहे. द्या इकडे."

"जमेल तुला?"

"हात माझे, डोकं तुमचं. सांगत राहा."

ते बाजूला सरकले. मग हत्यार तिच्या हाती दिलं.

"आधी तार तापू दे. घाई नको. श्वास सोड, मग टेकव."

पहिल्या खेपेला वितळलेल्या सोल्डरचं नुसतं ढेकूळ झालं. "काढ ते. पुन्हा." दुसऱ्या खेपेला ते पाण्यासारखं पसरलं आणि चकाकत थिजलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. एवढं कौतुक त्यांनी पोटच्या मुलाचंही कधी केलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी येऊन चाक दोन्हीकडे फिरवलं. दिव्यानं एकदाही डोळे मिचकावले नाहीत.

"काका, तुमच्या हाताला तोड नाही!"

"हात हिचा. माझं फक्त तोंड चाललं," म्हातारे म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला. तो कापत होता. "बाई, याच्यासाठी कुणी चांगला डॉक्टर माहीत आहे?"

बाईंनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. सून मान खाली घालून झाकण लावत होती.

"स्क्रू फार आवळू नकोस गं," ते म्हणाले.