मेंदीचे फोटो

महरूसने हात पुढे केला, तशी इन्साफने बंद पडलेला फोन ओढणीखाली लपवला. इजिप्तमधल्या कूस गावच्या बाजारात फोनदुरुस्तीचे दुकान चालवून त्याला वीस वर्षे झाली होती आणि घरात बायको त्याच्या हाती फोन देईना.

"अगं, नवरा आहे मी तुझा."

"नवरा आहात तो माझा. फोनमधल्या बायकांचा नाही."

फोनमध्ये भाचीच्या मेंदीचे फोटो होते. उघड्या केसांनी नाचणाऱ्या गल्लीतल्या साऱ्या बायका. फोन चालू होताच पडद्यावर पहिला त्यांचाच फोटो दिसे. असे बिघडलेले फोन घरोघरी कपाटात पडून होते. दुकानातल्या पुरुषाला ते कोण देणार? त्यांची सतरा वर्षांची मुलगी शहिरा आठवडाभर बापाला हेच सांगत होती. केना शहरात मुलींसाठी फोनदुरुस्तीचा चार महिन्यांचा वर्ग निघाला होता. अर्जावर बापाची सही लागत होती आणि मुदत आज संपत होती. महरूसचे पालुपद एकच, पोरी स्क्रू पिळत बसल्या तर लोक तोंडात शेण घालतील.

"मग शहिराच उघडेल," इन्साफ म्हणाली.

महरूसला हसू आले. पण बायकोचा हट्ट तो ओळखून होता. त्याने हत्यारांची पेटी मुलीपुढे सरकवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला. कुठला स्क्रू आधी काढायचा, बॅटरीची पट्टी कशी सोडवायची, सांगत गेला. शहिरा एकेक स्क्रू काढून ओळीने मांडत होती. पट्टीच्या टोकावर हिरवट थर आहे, असे ती म्हणाली तेव्हा त्याची मान वळू लागली, पण त्याने ती अर्ध्यातच आवरली.

"स्पिरिटने पूस. हलक्या हाताने."

"तो आधीच पुसलाय, बाबा."

थोड्या वेळाने मागून फोन सुरू झाल्याचा सूर आला. इन्साफ हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. सगळे फोटो जागच्या जागी होते.

"तुझ्या आत्याचाही फोन पडूनच आहे ना?" महरूसने भिंतीलाच विचारले.

"आत्याचा आहे, शेजारच्या तिघींचे आहेत."

मग न वळताच त्याने हात मागे केला.

"तो अर्ज दे. असा भिंतीकडे बघत मी किती जणींचे फोन दुरुस्त करणार?"

शहिराने अर्ज दिला. तो भिंतीला टेकवून महरूसने सही केली.