धाकट्या मतपेटीच्या पोटातले

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. टॅमरॅक गावच्या सभागृहात, टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला माझा जन्म गेला. सुतार एझ्रा पिंकहॅमने मला आणि थोरल्या पेटीला एकाच मेपलच्या झाडातून घडवले. थोरलीला बुंधा मिळाला, मला शेंडा. तेव्हापासून माझे पोट दुखते आहे.

थोरलीच्या पोटात गव्हर्नरची मते पडत. चिठ्ठी आत गेली की तिची पितळी घंटा वाजे. मला घंटा नाही. माझ्याकडे येत ते प्रश्न : आमच्या राज्याच्या घटनेतले अमुक कलम बदलायचे का, हो की नाही? आमदार मंडळी कितीही ठराव करोत, राज्यातल्या दर तीन मतांतली दोन मते 'हो' म्हणाल्याशिवाय घटनेतला स्वल्पविरामही हलत नाही.

पण लोकांना त्याचे काय? थोरलीपुढे रांग, आणि माझी चिठ्ठी खिशात घालून घरी नेत, तिच्यात डोनट गुंडाळत. एका वर्षी माझ्या पोटातून सात मते, विणकामाचा एक नमुना आणि एक बटण निघाले. थोरली त्या दिवशी इतकी वाजली की तीन मैलांवरच्या गाई धारेची वेळ झाली समजून गोठ्यात परतल्या.

मला मान देणारे एकच, न्यायाधीश ऑरिन थॅक्स्टर. ते टोपी काढत, चिठ्ठीची चौघडी करत आणि मगच माझ्यात टाकत. त्यांना एकोणसत्तरावे लागले. आमच्या घटनेप्रमाणे न्यायाधीशाने सत्तरीला खुर्ची सोडायची. त्या साली नेमका तोच प्रश्न आला : सत्तरचे पंचाहत्तर करावेत का?

मतदानाच्या सकाळी त्यांची पत्नी लव्हिनियाबाई सफरचंदे शिजवता शिजवता तशीच आली. हाताला दालचिनी.

"काकू, आज धाकटीला विसरू नका हं," गावची कारकून हॅना म्हणाली. "साहेबांची खुर्ची तिच्यात आहे."

"विसरते कशी? चाळीस वर्षं त्या खुर्चीबरोबर नवरा वाटून घेतलाय मी."

"अगं, खुर्ची निदान माझ्या घोरण्याबद्दल कुरकुरत नाही," रांगेत तिच्या मागे उभे असलेले न्यायाधीश म्हणाले.

"म्हणजे अहो, तुम्ही तिथेही झोपता?"

रांग हसली. बाई पडद्याआड गेली, आली आणि दालचिनीच्या बोटांनी चिठ्ठी मला दिली.

दोन दिवसांनी राज्यभरची बेरीज लागली. 'हो'ला एक मत कमी.

"एकच?" सभागृहाच्या दारात उभे असलेले न्यायाधीश म्हणाले. "कोण असेल तो शहाणा?"

"असेल कुणीतरी. चला, सूप निवतंय," लव्हिनियाबाई म्हणाली.

मला ठाऊक होते. दालचिनीच्या वासाच्या त्या चिठ्ठीवर फुली 'नाही'पुढे होती. मत्सर मी ओळखते, मित्रांनो. आयुष्यभर तोच केला आहे. पण मतपेटीने बोलायचे नसते.

पुढच्या निवडणुकीला न्यायाधीश आले. खुर्ची सुटल्यापासून दोघे मेपलचा पाक काढायला बरोबर जात, त्यांचा चेहरा उन्हाने रापला होता. टोपी काढून ते माझ्या फटीशी वाकले आणि तसेच थांबले. हळूच हुंगले. दालचिनी अजून माझ्या लाकडात होती.

"चाळीस वर्षं वाटून घेतलेला नवरा... असं होय," ते पुटपुटले. चौघडी आत टाकली आणि बाहेर थांबलेल्या बायकोचा हात धरून निघून गेले. पुढे अकरा वर्षे जगले, घरी एक अवाक्षर काढले नाही.

आता दोघेही नाहीत, म्हणून सांगते. मी आणि थोरली कपाटात आहोत, टेबलावर मते मोजणारे, चिवचिवणारे यंत्र बसले आहे. त्याचाही मी मत्सर करतेच. तरी एक मागते : लहान चिठ्ठीत डोनट गुंडाळू नका. थोरलीने हजारो मते गिळली, पण ज्याच्यावाचून अडले असे एकही नाही. हे मी तिला अजून सांगितलेले नाही. घंटा आहे ना तिला, तिच्या पोटात काही राहत नाही.