शेवट सांगितल्याशिवाय नंबर नाही

विजयमालानं टीव्हीच्या मागून पेन ड्राइव्ह उपसला, स्वयंपाकघरात नेला आणि मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत खुपसून टाकला. वरून झाकण दाबलं. बँकेत एवढी वर्षं लोकांच्या लॉकरच्या किल्ल्या सांभाळलेली बाई, आणि आज स्वतःच्याच घरात चोरासारखी वागतेय म्हणून तिला हसू यायला लागलं. तेवढ्यात बेल वाजली.

त्या पेन ड्राइव्हवर बिभीषणकाकांचा पिक्चर होता. काल दुपारी, लागतोय की नाही एवढंच बघू म्हणून तिनं तो लावला आणि शेवटापर्यंत बघत बसली. तिथंच सगळं चुकलं.

दर रविवारी सकाळी तिच्या जुळे सोलापुरातल्या हॉलमध्ये पिक्चरवाले जमायचे. पिक्चरवाले म्हणजे चार टाळकी: ती स्वतः, कापडाचं दुकान पोराच्या हवाली करून मोकळे झालेले महादेवप्पा, कॉलेजात इतिहास शिकवणारा संघपाल आणि चिंचोळी एमआयडीसीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले बिभीषणकाका. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा तोंडावर आली की प्रत्येकानं आपले आयुष्यातले आवडते पाच पिक्चर नंबरानं सांगायचे, असा रिवाज. त्यावरून जी भांडणं व्हायची ती भावकीतही होत नाहीत. आपल्या दोन नंबरच्या पिक्चरला संघपाल नुसता 'बरा आहे' म्हणाला म्हणून महादेवप्पा एकदा भरल्या ताटावरून उठून गेले होते. नियम एकच, आणि तो मात्र सगळे पाळायचे. ज्याला नंबर द्यायचा त्या पिक्चरचा शेवट स्वतःच्या तोंडानं सांगायचा. शेवट सांगितल्याशिवाय नंबर नाही.

काकांचा एक नंबर कधी हलला नाही. पिक्चरचं खरं नाव लांबलचक, देवाधर्माचं होतं, पण हे सगळे त्याला 'नावेचा पिक्चर' म्हणायचे. लहानपणी गावी, जेऊरला, टुरिंग टॉकीजच्या तंबूत काकांनी तो थोरल्या भावाबरोबर बघितला होता. पुढं तो कुणाला कुठं सापडलाच नाही, त्यामुळं काका सांगतील तो पिक्चर आणि काका सांगतील तो शेवट. भांडून निघालेला थोरला भाऊ नावेत बसतो, धाकटा काठावर रडत उभा. नाव पार मध्यावर जाते आणि तिथनं परत फिरते. थोरला कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकून येतो, डोक्याचा टॉवेल सोडतो आणि धाकट्याचं तोंड पुसतो. इथवर आले की काका स्वतःचंही तोंड पुसायचे आणि महादेवप्पा उगीचच खिडकीबाहेर बघायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर ती पिक्चरचीच गोष्ट राहिली असती. पण वडिलांच्या तेराव्याला काकांची आणि थोरल्या अजिनाथदादांची शब्दावरून शब्द वाढत जी जुंपली, ती कायमची. काकांनी जेऊरची वाट सोडली. पुढं काकू गेल्या, लेक पुण्याला, घरात हे एकटे. तरी हट्ट तोच. दिवाळीत दादांच्या मुलाचा फोन आला की तात्या, आबांनी अंथरूण धरलंय, एकदा येऊन जावा. काकांनी ते बैठकीत सांगितलं आणि वर म्हणाले, थोरल्यानं यायचं असतंय, नाव परत फिरती की न्हाय? अंथरुणाला खिळलेला माणूस कसा येणार, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही.

मग गेल्या रविवारी संघपालनं सांगितलं की पिक्चर सापडला. धारवाडच्या कुणा शौकिनाकडून त्यानं तो मिळवला होता. स्वतः बघितला नव्हता. सगळ्यांनी मिळूनच बघायचा म्हणून ठेवला होता, आणि टीव्ही विजयमालाचा मोठा, म्हणून पेन ड्राइव्ह तिच्याकडं दिला. पोरगा तसा सरळ, पण पुराव्याचं भारी वेड. त्यानं हसतच विचारलं, "काका, नाव नाही फिरली तर?"

"तर मी खोटा," काका म्हणाले. "परत हितं तोंड दावायचो न्हाय. आन फिरली, तर थोरला येईस्तवर जेऊरचा फोन उचलायचो न्हाय."

नाव फिरत नव्हती. विजयमालानं काल ते डोळ्यांनी बघितलं होतं. पिक्चर दाखवला तर काकांचा रविवार जाणार, आणि रविवार सोडला तर त्या माणसाजवळ दुसरं होतं काय? नाही दाखवला, तर ते त्या नावेच्या भरवशावर इथं सोलापुरात बसून राहणार आणि तिकडं जेऊरला थोरला डोळे मिटणार. कुठूनही धरलं तरी हात भाजणारच होता. म्हणून मग मोहरीची वाटी.

महादेवप्पा शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आले. त्यांच्यामागं संघपाल. काका सगळ्यात शेवटी आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे. विजयमालानं चहा दिला आणि दिल्या दिल्या सांगून टाकलं की पेन ड्राइव्ह कुठं सापडत नाही, घर पालथं घातलं, आज राहू दे, आज नुसते नंबर सांगू.

"असू दे ताई," संघपाल म्हणाला. "माझ्या मोबाइलमध्ये पण घेऊन ठेवलाय की. टीव्हीला जोडतो."

तिचा चेहरा उतरला. संघपाल वायर शोधत होता, त्याला ते दिसलं नाही. काकांना दिसलं. त्यांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

"विजयाताई, तुमी बगितलाय," ते हळू म्हणाले.

ती साखर आणते म्हणून आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. महादेवप्पा मागोमाग आले. एनातु अक्का, म्हणून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, काय झालं. तिनं नुसती मान हलवली. काहीतरी बिनसलंय, एवढं त्यांना कळलं. ते बाहेर गेले आणि आधी पोळ्या खाऊ, गरम आहेत, तूप पण आणलंय, पिक्चर कुठं पळून जातोय, असं बरंच काही बोलत राहिले. काकांनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, "लाव रं संघपाल."

पडद्यावर उभ्या रेघा पडत होत्या आणि आवाज ओठांच्या मागून येत होता. पण काका पहिल्या मिनिटापासून रंगात आले. पात्रांच्या आधी हे संवाद म्हणायचे. विहिरीवरची बाचाबाची, आईचं आजारपण, थोरल्यानं गुपचूप विकलेली बैलं, सगळं पाठ. संघपाल दोनदा वळून त्यांच्याकडं बघत राहिला. एवढ्या वर्षांनी इतकं लक्षात राहू शकतं, यावर त्याचा विश्वास बसेना. महादेवप्पांच्या जिवात जीव आला. एवढं पाठ असलेल्या माणसाचा शेवट कसा चुकेल? विजयमालाचा घास मात्र तोंडातल्या तोंडात फिरत होता.

मध्येच काका थांबले.

"ह्याच्या डोक्याला टॉवेल कसा न्हाय?"

पडद्यावरचा थोरला बोडका होता. पहिल्यापासून बोडकाच होता.

पुढं गावच्या जत्रेचा प्रसंग आला. पाळणे, तमाशाचा फड, गर्दीत हरवलेला धाकटा. तिथून पुढं काकांचा आवाज बंद झाला. इतका वेळ पात्रांच्या पुढं पळणारा माणूस आता खुर्चीच्या टोकावर सरकून बसला आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून बघायला लागला. जत्रेत थोरल्याचं ठरलेलं लग्न मोडतं, तेव्हा तर ते दचकलेच. भ्यालेत, असं विजयमालाला वाटलं. तिला राहवेना. तिनं हळूच रिमोट उचलला. एक बटण दाबलं की झालं. टीव्ही बिघडला म्हणायचं, कोण तपासायला बसलंय. काकांनी पडद्यावरची नजर न काढता हात पुढं केला, तिच्या हातातून रिमोट घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

नाव निघाली. धाकटा काठावर उभा होता. नाव मध्यावर आली. महादेवप्पा 'आता, आता' असं पुटपुटत होते, आणि त्यांनी संघपालचा दंड केव्हा धरला ते दोघांनाही कळलं नाही. नाव मध्यावरून पुढं गेली. लहान होत गेली. थोरल्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि धाकटा पाण्याच्या कडेला तसाच, पायाचं बोटही न भिजवता उभा राहिला. त्याच्यावर 'समाप्त' ही अक्षरं आली.

खालून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. संघपालनं उठून वायर काढली आणि ती उगीच मनगटाला गुंडाळत बसला.

"काका," तो म्हणाला, "टुरिंगवाले रिळं कापायचे. मागंपुढं जोडायचे. दुसऱ्या पिक्चरचा तुकडासुद्धा लावायचे. तुम्ही बघितला त्याचा शेवट वेगळाच असणार. मी वाचलंय तसं."

त्यानं असं काही वाचलेलं नव्हतं. तळटीप नसलेलं वाक्य सहन न होणारा हा माणूस, पण आज सरळ थाप मारत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. विजयमालाला त्याची इतकी माया आली की तिनं मान खाली घातली.

"न्हाय रं," काका म्हणाले. "मी झोपलो हुतो."

कुणाला नीट समजलं नाही. काकांनाही ते सांगता सांगताच आठवत असावं, कारण ते थांबत थांबत बोलत होते. जत्रेच्या प्रसंगापर्यंत बघितलं, मग दादाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा दादा त्यांना खांद्यावर टाकून घराकडं चालला होता आणि तंबूचे दिवे मागं राहिले होते. पिक्चर संपला म्हणून यांनी भोकाड पसरलं. शेवट सांग, शेवट सांग, म्हणून दादाच्या पाठीत गुच्च्या घातल्या.

"मग त्यानं मला खाली उतरवलं," काका म्हणाले. "डोक्याचा टॉवेल सोडला, माजं तोंड पुसलं आन म्हणला, येड्या, नाव परत आली की. रडतुयास कशाला?"

ते 'समाप्त' गेलेल्या काळ्या पडद्याकडं बघत राहिले.

"त्यानं बगितली हुती की नाव जाताना. डोळ्यांनी बगितली हुती. आन मला सांगताना फिरवली. ते ऐकून ऐकून मीच बगितलंय म्हणून बसलो. आन इतकी वर्सं त्यालाच म्हणतोय, तू ये, मग मी बोलतो." त्यांनी मांडीवरचा रिमोट बाजूला ठेवला. "आला हुता की तो. लई आदीच आला हुता."

काका रडले. दरवर्षी शेवट सांगताना रडायचे तसे नाही. ओंजळीत तोंड धरून, खांदे हलवत, लहान पोरासारखे. महादेवप्पा या वेळी खिडकीबाहेर बघायला गेले नाहीत. ते उठून काकांच्या शेजारी बसले. विजयमालानं पाणी आणलं. काका ते घटाघट प्यायले, त्यांनी पेला तिच्या हातात दिला आणि ते उठून उभे राहिले.

तोंड दावायचो न्हाय, हे त्यांनी चारचौघांत म्हटलेलं होतं, आणि दिलेला शब्द परत घेणारा हा माणूस नव्हे. अहो बसा काका, पोळी तरी खा, असं ती म्हणत होती. काकांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"जेऊरला गाडी कुटली घावंल आता?" त्यांनी संघपालला विचारलं.

संघपालनं मोबाइलमध्ये बघायला घेतलं, मग तो खिशात टाकला आणि आल्यावर खुंटीला अडकवलेली आपल्या मोटारसायकलची किल्ली काढली. स्टेशनवर जाऊन मिळेल ती बघू, नाहीतर एसटी, नाहीतर मी तुम्हाला थेट जेऊरलाच सोडतो, म्हणाला. काका जिना उतरायला लागले. महादेवप्पांना गप्प बसवेना, म्हणून त्यांनी मागून जे तोंडात आलं ते विचारलं.

"बिभीषणराव, यंदा एक नंबर?"

काका जिन्यात थांबले.

"मोकळा ठेवा," ते म्हणाले. "दादाला इचारून येतो."

खाली मोटारसायकल सुरू झाली. दारात उभी असलेली विजयमाला वाकून बघायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की महादेवप्पांच्या नव्या कोऱ्या चामडी चपला जाग्यावर नाहीत. तिथं काकांच्या झिजलेल्या काळ्या चपला होत्या. ती गॅलरीकडं हाक मारायला धावली, तर महादेवप्पांनी तिला हातानं अडवलं.

"इरली बिडु अक्का," ते म्हणाले. "असू दे. जाऊ दे त्यांना."

मग त्यांनी भिंतीला हात टेकून काकांच्या चपलेत पाय घालून बघितला. ती त्यांना बरीच लहान होत होती.