बोटभर अंतर

पौष. नदीवरचे धुके नुकतेच विरले होते. कोवळे ऊन, पिवळे ऊन, हळदीच्या पाण्यासारखे ऊन कुंभारवाड्यावर उतरत होते, आणि विटांनी बांधलेल्या भट्टीचे उघडे तोंड ते घोटघोट पीत होते.

अंगणात मातीची दोन कुळे मांडली होती. एकीकडे हौसाची सुगडे: संक्रांतीच्या वाणाची, मुठीएवढी, उघड्या अंगाची, तहानलेली. दुसरीकडे शेवंताच्या बरण्या: एकदा भाजलेल्या, झिलईच्या दुधट लेपात न्हालेल्या, आगीतून हिरव्या होऊन येण्याची वाट पाहणाऱ्या.

हौसा थोरली सून, शेवंता धाकटी. सुगडे दरवर्षी गोवऱ्यांच्या उघड्या आव्यात भाजली जात, बरण्या गेल्या वर्षापासून भट्टीत. यंदा सरपण थोडे आणि संक्रांत आठवड्यावर; म्हणून दोघींची माती एकाच भट्टीत, एकाच आगीत.

ओसरीवर सासरे बसले होते, रावजी. डोळे गेले होते, बोटे राहिली होती. आवा उघडो की भट्टी, भांडे हाती घ्यायचे, नखाने टिचकी मारायची, कान द्यायचा. बावीस वर्षे त्यांचा पहिला शब्द हौसाच्या मातीला असे. ‘थोरलीचा हात!’ एवढेच. त्या दोन शब्दांवर ती वर्षभराचा चिखल तुडवी.

गेल्या हिवाळ्यात शेवंताची पहिली बरणी त्यांच्या हाती आली. बोटे टिचकी मारायचे विसरली. तिच्या अंगावरून घसरली, रेंगाळली, पुन्हा फिरली. “पाण्यावर हात फिरवल्यावानी वाटतंय गं,” ते म्हणाले. सुगडे टोपलीत थांबून राहिली. हौसाही थांबून राहिली.

मत्सराला ज्वाळा नसते. कच्च्या मडक्याच्या भिंतीत राहिलेल्या ओलीसारखा तो असतो: वरून दिसत नाही, हाताला लागत नाही, आगीत गेला की तडकतो.

हौसा भट्टीत वाकून माल रचत होती, शेवंता बाहेरून एकेक नग देत होती.

“अक्का, बरणीला काही टेकू देऊ नका हं. बोटभर अंतर ठेवा.”

“तुझ्या बरण्यांचं सोवळंच लई बाई! माझी सुगडं बघ, एकाच्या मांडीवर एक बसत्यात. कधी कुरकुर न्हाई.”

“सोवळं कसलं? चिकट्या आहेत मेल्या! झिलई वितळली की धरतात, आणि धरलं की सोडत नाहीत.”

दोघी हसल्या. हौसाचे हसू भट्टीच्या आत राहिले.

सुगडांचा धर्म स्पर्शाचा, बरण्यांचा धर्म अंतराचा. हौसाने प्रत्येक बरणीपाशी बोट धरून पाहिले. शेवटची बरणी आली, सर्वांत देखणी, गोलपोटी, कृशग्रीवा. तिच्यापाशी बोट गेले नाही. एक सुगड गेले. बरणीच्या पोटाला अलगद, गालाला गाल लावल्यासारखे टेकले. हात क्षणभर तिथेच राहिला, आणि रिकामा बाहेर आला.

दिवसभर भट्टी जळली. बाभळीचा धूर निळा झाला, पांढरा झाला, नाहीसा झाला. दोन दिवस विटा निवत राहिल्या. हौसा निवली नाही.

तिसऱ्या सकाळी भट्टीचे लिंपलेले दार फोडले. हिरव्या, ओल्या दिसणाऱ्या बरण्या एकामागून एक उन्हात आल्या. शेवटची आली ती सुगड कडेवर घेऊन.

शेवंताने ती उन्हात फिरवून पाहिली. कुणी विचारण्याआधीच म्हणाली, “जुना हात आहे, मामंजी. सुगडं टेकवायची सवय अक्कांना. मीच आत डोकावायला हवं होतं.”

रागाला तोंड द्यायची हौसाने तयारी केली होती. या मायेला द्यायला तिच्याकडे तोंड नव्हते.

“सवय न्हवती,” ती म्हणाली. “मी टेकवलं. जाणून.”

 शेवंताने सुगड हलवून पाहिले; ते सुटेना.

“टेकवायचाच होता तर मोठा माठ टेकवायचा, अक्का,” ती म्हणाली. “एवढंसं सुगड काय टेकवलंत!” पण आवाज मध्येच चिरकला.

“आना हिकडं,” रावजी म्हणाले. त्यांनी टिचकी मारली बरणीला, मग सुगडाला. कुणीच घुमले नाही. “आवाज गेला दोघींचा.”

हौसा उभी होती. आता ते दोन शब्द येणार नाहीत, हे तिला कळले. यापुढेही कदाचित नाहीत.

पण रावजींची बोटे भांड्यावरून उतरली नाहीत. बरणीच्या गुळगुळीत पोटावरून ती सुगडाच्या खरबरीत खांद्यावर आली. तिथे झिलईचा एक ओघळ ओलांडून आला होता आणि थेंब होऊन गोठला होता. बोट त्या थेंबाशी थांबले. पुढे गेले. परतले. पुन्हा थांबले.

बरणीच्या श्वासाने, वितळत्या झिलईच्या वाफेने, सुगडाचा उघडा गाल आगीत लाजला होता. गुलाबी, धूसर, उषःकालीन. बावीस वर्षांत हौसाच्या एकाही सुगडावर असा रंग उतरला नव्हता. म्हाताऱ्याला तो दिसत नव्हता, तरी त्याचे बोट तिथून हलत नव्हते.

आणि पिवळ्या उन्हात, पांढऱ्या राखेत, रिकाम्या हातांनी उभी असलेली हौसा पाहत राहिली: त्या बोटाकडे, त्या थेंबाकडे, आणि जिचा तिला आता जीवघेणा हेवा वाटत होता, त्या आपल्याच हातच्या मूठभर मातीकडे.