हरिकेनवरचा लाल ठिपका

रत्नाकररावांची उभी हयात खऱ्या विमानांच्या पंखांत गेली. मिरजेहून ते तरुणपणी बंगळूरला आले, विमानांच्या सरकारी कारखान्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे त्यांचा मुलगा आशय प्लास्टिकची वीतभर विमानं जोडायला लागला, तेव्हा त्यांना तो निव्वळ पोरखेळ वाटला होता.

"चांगला इंजिनियर झालास, आणि खेळणी कसली चिकटवतोस?" ते म्हणायचे. आशय नुसता हसायचा. डोळ्याला भिंग लावून, वालाच्या दाण्याएवढ्या सीटवर चॉकलेटच्या चांदीतून कापलेला पट्टा चिमट्यानं बसवत राहायचा. त्याची विमानं चेन्नईला, हैदराबादला स्पर्धांत जायची, बक्षिसं घेऊन यायची. रत्नाकरराव एकदाही बघायला गेले नाहीत.

मग सर्जापूर रोडवर एका पाण्याच्या टँकरनं आशयची मोटारसायकल उडवली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'हो', 'नको', 'पाणी' एवढेच शब्द उरले, तेही मनात असेल तेव्हा. त्याच्या बायकोनं, यशश्रीनं, वर्षभर फ्लॅटवर सगळं निभावलं. नोकरी करून त्याला उचलणं, बसवणं, भरवणं. शेवटी तीच पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळायची वेळ आली, तेव्हा रत्नाकरराव आणि सुलभाताईंनी मुलाला बनशंकरीच्या आपल्या घरी आणलं. यशश्री आधी दर रविवारी यायची. मग एक रविवार आड. मग फोन.

आशयकडून व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट सुप्रीता घरी यायची. तिचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत निम्मं कन्नड. एके दिवशी ती म्हणाली, "अण्णा, यांना हातानं करायची कसली आवड होती? तेच समोर ठेवा. डावा हात शिकेल, स्वल्प स्वल्प."

रत्नाकररावांनी फ्लॅटवरून आशयचं सामान आणलं. त्यात एक अर्धवट हरिकेन होतं. दुसऱ्या महायुद्धात आपले वैमानिक ब्रह्मदेशाच्या जंगलावरून जे लढाऊ विमान उडवायचे, ते. धड आणि पंख जोडून झाले होते, खऱ्या विमानाच्या कापडी अंगाखाली दिसतात तशा मागच्या फासळ्यासुद्धा बोटाला लागत होत्या. रंग, काच आणि चाकं तेवढी राहिली होती. अपघाताच्या आदल्या आठवड्यात तो तेच घेऊन बसला होता, असं यशश्रीनं सांगितलं.

खिडकीशी टेबल मांडलं. आशयला चाकांच्या खुर्चीत बसवून त्याच्या डाव्या हातात ब्रश दिला. सुप्रीतानं मनगट धरलं. ब्रश थरथरत गेला आणि विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत हिरव्या रंगाचा एक जाड फराटा ओढून खाली पडला. आशय त्या फराट्याकडे बघत राहिला.

दुपारी तो झोपल्यावर रत्नाकररावांनी फराटा पुसून काढला. आणि पुसता पुसता, कसं कोण जाणे, स्वतःच ब्रश घेऊन बसले. एवढ्या सुंदर कामावर तो डाग त्यांना बघवेना. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांतला एक पट्टा त्यांनी जमेल तसा भरला. तेवढ्यात सुलभाताई चहा घेऊन आल्या.

"अगं बाई! हे आशयनं केलं?"

त्यांचा चेहरा असा उजळला होता की रत्नाकररावांच्या तोंडून 'नाही' निघेना. ते म्हणाले, "हो. हळूहळू जमतंय त्याला."

सुलभाताई कपबशी तिथंच टेकवून देवापुढे जाऊन बसल्या.

मग ते रोजचंच झालं. सकाळी आशय ब्रश धरायचा, काहीतरी फासायचा किंवा काहीच करायचा नाही. दुपारी सुलभाताई पडल्या की रत्नाकरराव निस्तरायचे. काच बसवताना त्यांनी चुकीचा गोंद वापरला आणि वैमानिकावरची ती इवलीशी काच पांढुरकी पडली. चाकं वाकडी लागली. खोक्यातली गोल निशाणं पाण्यात भिजवून त्यांनी पंखांवर आणि मागच्या अंगावर सरकवली. निळ्या कड्याच्या मध्ये लाल ठिपका, त्यांच्या मते अगदी झोकात बसला. आशय खुर्चीत बसून बघायचा. त्याला काय कळतंय, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

तरी आत कुठेतरी खुपायचंच. एकदा ते म्हणालेही, "सुलभा, फार आशा लावून बसू नकोस."

"तुम्हीच म्हणता जमतंय, आणि तुम्हीच असं म्हणता?" त्या म्हणाल्या. "मी यशूला फोटो पाठवलाय."

यशश्रीचं उत्तर लगेच आलं होतं. रविवारी येते.

रविवारी सुलभाताईंनी अळूवड्या केल्या, आशयला निळा सदरा घातला, त्याची दाढी नागराज न्हाव्याला घरी बोलावून करून घेतली. यशश्री आली ती जरा वाळलेली दिसत होती, पण डोळ्यांत काहीतरी होतं, जे रत्नाकररावांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ती आशयजवळ गुडघे टेकून बसली, त्याचा डावा हात हातात घेतला.

"आशू, खरंच? तू परत पेंट करायला लागलास?"

आशय तिच्याकडे बघत राहिला.

"अरे, दाखव ना तिला!" सुलभाताईंनी विमान उचलून दोघांच्या मध्ये धरलं. "बघ कसं केलंय. एकट्यानं!"

आशयचा डावा हात यशश्रीच्या हातातून सुटला. हळूहळू, हवेत चाचपडत तो पंखापर्यंत आला. बोट लाल ठिपक्यावर टेकलं. त्याचा जबडा हलला, गळ्याच्या शिरा ताठल्या.

"ला... ल."

सुलभाताई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ऐकलंत का? लाल म्हणाला! नवा शब्द! हो रे राजा, लाल आहे, लाल!"

"नको," आशय म्हणाला. बोट तिथंच. "लाल... नको."

यशश्रीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं सासूच्या हातातून विमान घेतलं, खिडकीच्या उजेडात धरून वळवलं. मग म्हणाली, "आई, तो रंग ओळखून दाखवत नाहीये. चुकलंय म्हणतोय."

"काय चुकलंय?"

"ब्रह्मदेशातल्या आपल्या विमानांवर लाल ठिपका नसायचा. जपान्यांचं निशाण लाल गोळा. लांबून लाल दिसलं की आपलेच लोक आपलं विमान पाडायचे. म्हणून लाल काढून टाकलं, नुसते दोन निळे ठेवले. हे विमान सुरू केलं तेव्हा आशूनं मला दहादा ऐकवलं होतं हे. निशाणांचे डीकॅल्सपण वेगळे मागवले होते." तिनं विमान खाली घेतलं. "हे त्यानं केलेलं नाहीये."

आशयचं बोट अजून थांबलं नव्हतं. यशश्रीनं विमान जवळ आणलं तसं ते पांढुरक्या काचेवर गेलं, तिथून वाकड्या चाकावर, तिथून पंखाच्या सांध्याशी साचलेल्या रंगाच्या गाठीवर. प्रत्येक चूक त्यानं शोधून दाखवली. मग त्यानं मान वळवून वडिलांकडे पाहिलं.

रत्नाकररावांना ती नजर सोसवेना. इतके दिवस त्या खुर्चीतून तो सगळं बघत होता. स्वतःचं काम कुणीतरी बिघडवतंय, आणि तेच त्याच्या नावावर कौतुकानं दाखवलं जातंय, हे त्याला रोजच्या रोज कळत होतं.

"मी... तुझ्या आईसाठी..." ते एवढंच म्हणू शकले.

सुलभाताई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. यशश्रीनं विमान टेबलावर ठेवलं.

"बाबा, मला कंपनीनं पुण्याला ट्रान्सफर दिलीय. फोटो बघून मी त्यांना थांबा म्हणाले होते. वाटलं, याचा हात येतोय तर..." तिनं ओठ घट्ट मिटले. "माझी चूक झाली. इतक्या लवकर विश्वास ठेवायला नको होता."

"यशू, तू रागावून जाऊ नकोस," सुलभाताई म्हणाल्या.

"रागावले नाही, आई. खरंच नाही. थकलेय."

ती आशयच्या डोक्यावरून हात फिरवून उठली. जेवायला थांबली नाही. महिनाअखेरीस ती पुण्याला गेली.

रत्नाकरराव मात्र एक गोष्ट धरून बसले. डोळे शाबूत आहेत. समज शाबूत आहे. मग हात तेवढे आपण व्हायचे. इतकंच तर करायचं! त्यांनी आशयसमोर बसून त्याचा हात धरला आणि सांगितलं, "माझं चुकलं. आता तू दाखवायचं, मी करायचं. कबूल?"

"हो," आशय म्हणाला. खूप दिवसांनी.

त्या एका 'हो'वर रत्नाकरराव चार रात्री नीट झोपले. लाल ठिपका खरवडून काढला. आशयच्या खणात ती दोन निळ्या रंगांची निशाणं सापडली, पातळ कागदात जपून ठेवलेली. आशयच्या देखत त्यांनी एक पाण्यात सोडलं. जुनं झालं होतं. सुटतं सुटतं म्हणेपर्यंत त्याचे राईएवढे तुकडे झाले आणि वाटीभर तरंगत राहिले. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच.

मग त्यांनी हातानं रंगवायला घेतलं. पेन्सिलच्या टोकाएवढं वर्तुळ. सत्तरीचा हात तो. नुसत्या डोळ्यांना कड गोल दिसायची, भिंग लावलं की वाकडी.

"बरोबर?"

"नको."

पुसून पुन्हा. "आता?"

"नको."

रोज असंच. पुसून पुसून खालचा हिरवा रंग गेला, आशयनं घडवलेल्या त्या नाजूक फासळ्या झिजून सपाट होत चालल्या. रत्नाकररावांना ते दिसत होतं आणि थांबवत नव्हतं. एकदा वर्तुळ बरंच साधलं असं वाटून त्यांनी उत्साहानं मान वर केली, तर आशय डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता. पापण्यांखाली बुबुळं हलत होती.

"आशय, बघ तरी."

त्यानं डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खुर्ची टेबलाच्या खोलीच्या दाराशी आली तेव्हा त्यानं डाव्या हातानं चौकट घट्ट पकडली. त्या हातात एवढी ताकद असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. इतक्या महिन्यांत तो हात जे काही शिकला, ते हे.

"सोडा त्याला," मागून सुलभाताई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्या खोलीत केर काढण्यापुरतंच पाऊल टाकलं.

सुप्रीतानं कपडे वाळत घालायचे चिमटे आणून दिले. दोरीला लावायचे, काढायचे. "हे सरी आहे, अण्णा, हेच ठीक. यात चूक-बरोबर काही नसतं."

आशय ते निमूट करू लागला. गच्चीवरच्या उन्हात, दोरीशी खुर्ची लावून. एक लावायचा, एक काढायचा, बघायचा मात्र कशाकडेच नाही. रत्नाकरराव शेजारी स्टुलावर बसायचे. एका सकाळी त्यांच्या मनात आलं, त्याचे डोळे वाचले म्हणून आपण इस्पितळात डॉक्टरांच्या पाया पडलो होतो. तेही गेले असते, समजही गेली असती, तर बरं झालं असतं.

स्वतःच्याच विचाराची त्यांना भीती वाटली. त्यांनी आशयकडे पाहिलं. आशय त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्यालाही तेच वाटतंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. त्यांनी वाकून खाली पडलेला चिमटा उचलला आणि त्याच्या हातात दिला.