खिंडीतला जावई

इतायेचं लग्न झाल्यापासून तिच्या आईने जावयाचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहायचंच नसतं. सासू-जावयाची नजरानजर झाली तर दोघांच्या डोळ्यांतली ज्योत विझते, हाडं धरतात, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक म्हणतात, या घराला काही मानमर्यादाच नाही. तिसोन शिकारीहून आला की लांबूनच खाकरायचा. तो आवाज ऐकला की आई हातातलं काम टाकायची, कांबळं डोक्यावरून खाली ओढायची आणि झोपडीच्या मागे जाऊन बसायची. मग मध्ये गवताची भिंत ठेवून दोघांचं बोलणं चालायचं. बोलणं म्हणजे काय, तर इतायेच्या तोंडून.

"सांग जावयांना," आई भिंतीपलीकडून म्हणायची, "हरीण मारताना जरा वय बघून मारत जा. परवाचं माझ्या आजीबरोबर खेळलेलं होतं. दात हलले माझे."

इताये नवऱ्याकडे वळून म्हणायची, "म्हणते, हरीण चिवट होतं."

"ऐकलं मी. सांग त्यांना, कोवळी हरणं त्यांच्या लेकीने खाल्ली. पोटुशी होती ना!"

भिंतीपलीकडे आईचं खुसुखुसु हसू ऐकू यायचं. इतायेला कधी कधी वाटायचं, आपण या दोघांमधली वाट आहोत. येता-जाता दोघंही तुडवतात. पण तिला ते आवडायचं. मांडीवर पोर दूध पीत असावी, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि दोघांचे टोमणे आपल्या तोंडातून जावेत, याहून भरलेलं घर कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

सैनिक पश्चिमेकडून आले. वाळवंट तुडवून, ओठ फुटलेले, घोड्यांच्या जिभा बाहेर. एवढ्या मुलखात पाणी एकच, खिंडीतल्या झऱ्याचं. झरा ज्याच्या हातात, त्याचीच खिंड. पुरुषांनी दोन्ही उतारांवर दगड रचून आडोसे केले होते. बायकांनी आदल्या दिवशीच राळ थापलेल्या वेताच्या घागरी भरून वर, कड्याखालच्या खोलगट जागेत नेऊन ठेवल्या होत्या.

"गोळ्यासुद्धा फार लागायच्या नाहीत," तिसोन सकाळी निघताना म्हणाला होता. "बसून राहायचं. तहानच मारेल त्यांना."

"सांग जावयांना," आई कांबळ्यातून म्हणाली, "बसून राहायचं काम त्यांना चांगलं जमतं."

दुपारपर्यंत सगळं तसंच घडलं. सैनिक झऱ्याकडे यायचे, आडोशांमागून गोळ्या सुटायच्या, सैनिक मागे पळायचे. खोलगटीत बसलेल्या बायका हसत होत्या. एकीने तर त्यांच्या पळण्याची नक्कल करून दाखवली. मग खाली सैनिकांनी दोन गाड्या पुढे आणल्या. घोडे सोडले, गाड्यांची तोंडं उताराकडे फिरवली. आपल्या पुरुषांनी गाड्यांना काय भ्यायचं? पहिला गोळा डोक्यावरून पार निघून गेला तेव्हा आडोशांमागून चक्क आरोळ्या उठल्या. दुसरा गोळा हवेतच फुटला. त्यातून लोखंडाचे तुकडे पावसासारखे खाली आले, आणि दगडाच्या आडोशाला काही अर्थच उरला नाही. दगड समोर होता. मरण वरून येत होतं.

पुरुष वर पळत आले. खोलगटीतल्या बायकांनी पोरं पाठीवर टाकली आणि कड्यापलीकडे निघाल्या. इताये येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत राहिली. तिसोनचा चुलतभाऊ नाबीत एका जखमी माणसाला पाठीवर घेऊन आला. त्याच्या कानांतून रक्त येत होतं.

"ते कुठायत?" इतायेने त्याच्या तोंडाजवळ जाऊन विचारलं.

"मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही! खाली आहे तो. पायाला लागलंय. याला पलीकडे ठेवतो आणि परत येतो त्याला न्यायला. तू हलू नकोस!"

तो कड्यापलीकडे गेला. खोलगटीत इताये, तिची आई आणि पोर एवढीच उरली. आईचा गुडघा धरलेला, ती सगळ्यांच्या मागेच असायची. तोफा थोड्या थांबल्या, आणि त्या शांततेत आईने मान वर केली.

"जावई खाकरतायत," ती म्हणाली. आणि सवयीने तिने कांबळं तोंडावर ओढलं.

इतायेने पोरीचा पाठीवरचा फळीचा पाळणा जुनिपरच्या झाडाला अडकवला आणि बसत-घसरत खाली उतरली. तिसोन दोन दगडांच्या मध्ये पाठ टेकून बसला होता. मांडीत लोखंड शिरलं होतं. त्याने कमरेचं कापड फाडून वर आवळून बांधलं होतं आणि गाठ हाताने धरून ठेवली होती.

"आलीस? पोर कुठाय?"

"झाडाला. उठता येतं का?"

"येत असतं तर खाकरत बसलो असतो का?"

तिने त्याच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. चार पावलंही नाही. तिसोन अंगाने भरलेला, चढ उभा, पायाखाली सुटे दगड. त्याने दात आवळून धरले, पण गाठीखालून रक्त यायला लागलं.

"दोघी असलो तर नेऊ," ती म्हणाली.

तिसोनने तिच्याकडे पाहिलं. दुसरी कोण, हे विचारायची गरज नव्हती.

"नको," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्या आहेत. माझ्यामुळे त्यांचे डोळे गेले तर? नाबीत येईल. थांबू."

खाली सैनिक झऱ्यापाशी पोचले होते. घोड्यांना आवरता येत नव्हतं. माणसं आणि जनावरं एकाच पाण्यात तोंड घालून पीत होती. पाणी पिऊन झालं की ते काय करतील, हे इतायेला दिसत होतं. मेलेल्यांचे केस आणि कान न्यायला ते वर चढतील. ती धावत वर गेली.

"आई, मला एकटीला उचलत नाहीत ते. तू चल."

आईने कांबळं आणखी घट्ट ओढलं. मग म्हणाली, "त्यांनी बोलावलंय का?"

"आई!"

"अगं, लग्नापासून त्यांनी माझा मान ठेवला. एकदासुद्धा आडवे आले नाहीत. आज पाय मोडून पडलेत म्हणून मी न विचारता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहू? विचार त्यांना. म्हणावं, सासू यायचं म्हणते. चालेल का?"

इतायेला ओरडावंसं वाटलं, आईला गदागदा हलवावंसं वाटलं. पण ती पुन्हा खाली उतरली, कारण याच घरात ती वाढली होती, आणि आई म्हणते त्यात तिलाही काही चूक दिसत नव्हतं.

"विचारतेय, येऊ का," तिने तिसोनला सांगितलं.

त्याने डोळे मिटले. "सांग, नाबीतची वाट बघू. थोडा वेळ. नाही आला तर मग."

ती वर आली, सांगितलं. दोघी बसल्या. कड्यावरून कोणी आलं नाही. पोर जागी झाली आणि रडायला लागली. तिच्या रडण्याबरोबर इतायेच्या छातीतून पान्हा सुटून अंगावरचं कातडं भिजलं. तिने तिला घेतलं नाही. घेतलं तर आपण उठणारच नाही, हे तिला कळत होतं.

खाली दोन सैनिक उताराकडे बोट दाखवत होते.

आई एकदम उठली. कांबळं तिने पार हनुवटीखाली ओढून मानेशी बांधलं. कमरेला पाण्याची एक लहान घागर अडकवली. "चल. धर हात. त्यांना तहान लागली असेल."

ती आंधळ्यासारखी, बसूनच, दगड चाचपत उतरली आणि सगळी वाट ओरडत राहिली, "इताये, सांग जावयांना! मी येतेय! म्हणावं तोंड झाका! काही दिसत नाहीये मला, पण तरी झाका!"

"झाकलंय, सांग त्यांना," तिसोन म्हणाला. त्याने कपाळाची पट्टी डोळ्यांवर ओढून घेतली होती. त्या तसल्या वेळीही त्याचा ओठ हलला. "म्हणावं, एवढं ओरडलात तर सैनिकसुद्धा तोंड झाकतील."

"सांग त्यांना, जीभ शाबूत दिसतेय, म्हणजे जगतील."

इतायेला हसू आलं. तिने आईचा हात धरून घागर तिसोनच्या ओठांपर्यंत नेली. तो प्याला. मग इतायेने त्याचं धनुष्य पाठीला अडकवून त्याच्या काखेत हात घातले आणि आईने पाय धरले. एक पाठमोरी वर चढत होती, मागे बघत, पाऊल कुठे ठेवायचं ते शोधत. दुसरी डोळे झाकून मागून ढकलत होती. मध्ये तिसोन, डोळ्यांवर पट्टी.

"डावीकडे दगड आहे, आई. उचल पाय. हां."

"जड आहेत गं हे!"

"तुमच्याच लेकीच्या हातचं खाऊन, सांग त्यांना."

उतार काही संपेना. दर वेळी घसरलं की तिसोनचा श्वास अडकायचा. वर पोर रडत होती. इतायेचं सगळं लक्ष मागच्या दगडांवर आणि त्या रडण्यावर होतं.

"इताये," आई मध्येच म्हणाली, "घागर गळतेय वाटतं. हात सगळे ओले झालेत माझे."

"गळू दे, आई. वर आहे पाणी. थांबू नकोस."

"कोमट झालंय. उन्हाने."

तिसोन काही म्हणाला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सांग त्यांना... चला." आणि त्याचं डोकं इतायेच्या पोटाशी टेकलं. तिला वाटलं, दमला.

खोलगटीत त्याला खाली ठेवलं तेव्हा आईने हात पुसायला कांबळ्याची कड उचलली. कडेखालून तिला आपलेच हात दिसले. ते हात तिने तसेच पुढे धरले. इतायेने पाहिलं. गाठ कधीच सुटली होती. उतारावर, ते आले त्या सगळ्या वाटेवर, दगड ओले होते, आणि ते पाणी नव्हतं. ज्या बाईच्या हातांवरून रक्त गेलं तिच्या डोळ्यांवर कांबळं होतं. ज्याचं जात होतं त्याच्या डोळ्यांवर पट्टी. आणि जिचे डोळे उघडे होते ती मागे बघत चढत होती.

इताये दोन्ही हातांनी त्याची मांडी दाबून बसली. दाबायला फारसं काही उरलं नव्हतं. तिने त्याच्या छातीवर कान ठेवला, मग तोंडाशी गाल नेला. पोर रडून रडून आता नुसते हुंदके देत होती.

"सांग त्यांना," आई कांबळ्यातून म्हणाली, आवाज उगाच मोठा करून, "सांग, पोचलो. नाबीत येतोच आहे. सांग ना गं."

"आई."

"सांग, म्हणते ना!"

"आई, कांबळं काढ. आता काढलंस तरी चालेल."

आई हलली नाही. इतायेनेच उठून तिच्या मानेची गाठ सोडली आणि कांबळं ओढून घेतलं. म्हातारीने उन्हाने डोळे बारीक केले. मग सरकत सरकत पुढे गेली, तिसोनच्या डोळ्यांवरची पट्टी तिने दोन बोटांनी वर केली, आणि बघत राहिली.

"अगं," ती म्हणाली, "हे तर पोरगं आहे."

इतायेने झाडावरचा पाळणा उतरवला.

"मला वाटायचं, कोण मोठा बाप्या असेल. पावलं कशी दणदणीत वाजायची. एवढाल्या हरणांच्या तंगड्या आणून टांगायचा. आणि ही बघ, मिशीसुद्धा धड नाही." तिने त्याच्या गालावरची धूळ अंगठ्याने पुसली. पुसली तिथे रक्त लागलं, म्हणून पुन्हा कांबळ्याने पुसलं. "का रे नाही बोललास? आँ? हात ओले झाले म्हटलं मी, तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं? उगाच मेल्या हरणावरून वाद घालत बसायचास, आणि बोलायचं तेव्हा बोलला नाहीस. मान राखत होतास माझा. कोणी सांगितलं होतं एवढा राखायला!"

ती त्याला घडाघडा बोलत राहिली. इताये पोरीला पाळण्यातून काढून छातीशी लावून बसली होती. मध्ये तिचं काही काम नव्हतं.

नाबीत कड्यावरून उतरला. त्याने एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. मग खाली उतारावर नजर टाकली. सैनिक चढत होते, सावकाश, पोटं भरलेली असल्यासारखे.

"कपारीत ठेवू," तो म्हणाला. "आताच. त्यांच्या हाती नको लागायला."

तिघांनी त्याला कपारीत सरकवलं. नाबीत दगड आणून देत होता, इताये पोरीला एका हाताने धरून दुसऱ्याने रचत होती. त्याचं धनुष्य त्याच्याजवळच ठेवलं. पाय झाकले, छाती झाकली. नाबीतने चपटा मोठा दगड उचलला आणि तोंडावर ठेवायला वाकला.

"थांब रे," आई म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. "थांब जरा. अजून बघायचंय मला."